पंधरा आणि पन्नासच्या मधली गाडी

मोटारीचा इतिहास आपल्याकडे दोन प्रकारे सांगितला जातो. एक कारखानदारांचा, म्हणजे कुणी कुठं कारखाना काढला, कोणत्या साली पहिली गाडी बाहेर पडली. दुसरा मालकांचा, म्हणजे कोणत्या संस्थानिकाकडे किती रोल्स रॉइस होत्या. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी मागवलेली पिवळी, सिंहासनाची रोल्स रॉइस आजही चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे आणि लोक ती कौतुकानं बघतात. या दोन्ही इतिहासांत एक माणूस मात्र कुठंच सापडत नाही. रात्री रस्त्यात बंद पडलेल्या गाडीखाली, बॅटरी दातांत धरून उताणा पडलेला मिस्त्री.

आज मला त्या माणसाविषयी बोलायचं आहे. मी कवितेचा माणूस; बी.ए. झालो तेही मराठी वाङ्मय घेऊन. पण गेली तीन वर्षं माझा भाचा निलंग्यात, माझ्या बहिणीच्या अंगणात, एक जुनी टाटा सिएरा उघडून बसला आहे. बहिणीकडे गेलं की चहाचा कप ठेवायला जागा मिळत नाही, सगळीकडे पुर्जे. त्या पुर्ज्यांच्या गराड्यात बसून जे ऐकलं, त्यातून हा इतिहास मला दिसायला लागला.

आमचं निलंगा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात. आज निलंग्याचं नाव काढलं की लोकांना निलंगा राईस आठवतो, नाहीतर नीलकंठेश्वराचं देऊळ. मोटारीशी या भागाची खरी ओळख झाली ती मात्र बसमुळे. निजाम सरकारच्या रेल्वेनं जून 1932 मध्ये 27 बसगाड्यांवर सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई राज्याची एसटी पुण्याहून नगरला पहिल्यांदा धावली ती 1 जून 1948 रोजी. म्हणजे मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या भागात सरकारी बस सोळा वर्षं आधी सुरू झालेली होती. गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या. त्या बिघडल्यावर स्कॉटलंडहून कुणी येणार नव्हतं. डेपोतल्या पोरांनीच त्या उघडल्या, समजून घेतल्या, आणि मिळाला नाही तो भाग खरादावर कातून बसवला.

त्या काळी राज्याचा कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादेत 1917 मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं कार्यालय, निघालं होतं. मोठमोठ्या विद्वानांनी तिथं शास्त्रांसाठी उर्दू परिभाषा घडवली. पण गॅरेजात ती फारशी पोचली नाही. गॅरेजानं आपली भाषा आपणच केली. उस्ताद आणि शागीर्द फारसीतून आले, मिस्त्री आणि चावी पोर्तुगीजांकडून, बेरिंग आणि बुश इंग्रजांकडून. कानस आणि छन्नी तर घरचीच. निलंग्याच्या गॅरेजात एका वाक्यात या सगळ्यांची पंगत बसते आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या माझ्या काही मित्रांना मी एकदा तिथं घेऊन जाणार आहे.

बसनंतर आली जीप. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत मुंबईला माझगावात विलीस जीप जोडायलाही सुरुवात झाली. ती जोडणारी कंपनी 1945 मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. आद्याक्षरं तेवढी बदलावी लागली नाहीत.

ही जीप मराठवाड्यात आली आणि इथलीच झाली. काळ्या मातीतून, पावसाळ्यात, ती एकटीच निघायची. अडचण एकच, ती पेट्रोल प्यायची. 1973 नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी जीपचं मूळ इंजिन काढून तिथं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. कधी ट्रॅक्टरचं, कधी दुसऱ्या एखाद्या गाडीचं. गिअरपेटीशी जुळत नसेल तर मधे पोलादाची चकती कातून घालायची. शिकलेल्या लोकांनी याला तेव्हा जुगाड म्हणून नाक मुरडलं असेल. पण त्याच दशकात खुद्द महिंद्र कंपनीनंही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं. कारखान्यानं केलं की त्याला नवं मॉडेल म्हणतात, एवढाच फरक.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. आमच्या गल्लीतली अशीच एक जीप, लष्कराच्या लिलावातली, पोटात ट्रॅक्टरचं इंजिन असलेली, उजाडायच्या आत किल्लारीकडे निघाली. पुढचे तीन दिवस ती जखमींना घेऊन लातूरच्या खेपा करत होती. तिच्या कागदपत्रांत कोणतं इंजिन लिहिलेलं आहे, हे त्या तीन दिवसांत कुणी विचारलं नाही.

अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. याच जीपगाड्या पुढं काळी-पिवळी म्हणून धावल्या. मागं पाटा लांबवून, टपावर माणसं बसवून, ब्रेक मात्र कारखान्यातून आले तेवढेच. निलंगा-औराद रस्त्यावर, लातूर रस्त्यावर त्यांचे अपघात आम्ही पाहिलेले आहेत. वाहनात मनमानी बदल करू नयेत असं जेव्हा कायदा म्हणतो, तेव्हा त्यामागं अशी गेलेली माणसं असतात.

पण कायद्याचा दुसरा चेहरा पाहायचा असेल तर इचलकरंजीला जावं लागेल. शंकरराव कुलकर्णी हे तिथले गृहस्थ, शिक्षण सातवीपर्यंत. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार करायची, हे त्यांच्या डोक्यात 1940 च्या दशकात आलं. त्यांनी ती केलीही, आणि एकदा नाही, पुन:पुन्हा. मोटारीचं नाव मीरा. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून 1970 च्या दशकापर्यंत तिचे नमुने निघत राहिले. प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा सुधारलेला. इंजिन हवेनं थंड होणारं, म्हणजे रेडिएटरची कटकट नाही. स्प्रिंगांऐवजी रबराचा वापर. शेवटच्या नमुन्याची किंमत बारा हजारांच्या आसपास धरलेली होती.

मीरा विकली कधीच गेली नाही. 1951 च्या उद्योगविषयक कायद्यानं कोणती वस्तू कुणी किती करायची, याचा परवाना दिल्लीत ठेवला होता. मोटारीचे परवाने मोजक्या घराण्यांकडे होते. गंमत पाहा, 1970 च्या सुमारास छोट्या मोटारीसाठी ज्यांना हिरवा कंदील मिळाला, त्या संजय गांधींनीही आपला पहिला नमुना दिल्लीत गुलाबी बागेतल्या एका साध्या शेडमध्ये, मिस्त्रींना हाताशी धरूनच केला होता. त्यांची कंपनी पुढं बुडाली, सरकारनं 1981 मध्ये ती नव्यानं उभी केली, सुझुकी आली आणि बाकी सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला या दोन शेडांचं राहून राहून आश्चर्य वाटतं. एक दिल्लीतली, एक इचलकरंजीतली. हातांना येत काय होतं, यात फार फरक नसावा. परवाना कुठून किती जवळ होता, यात होता.

आता सिएराकडे येतो. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून 1991 मध्ये ही गाडी निघाली. ट्रक करणाऱ्या कंपनीची ही पहिलीवहिली हौसेची गाडी. पुढं दोनच दारं. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. मागच्या खिडक्यांच्या काचा सरळ वर जाऊन छतात वळलेल्या. मराठवाड्याच्या उन्हात त्या काचेखाली बसणं म्हणजे भट्टीत बसणं, पण दिसायला गाडी अशी की लोक थांबून बघत. तिच्यामागून 1994 मध्ये सुमो आली. टेल्को ज्यांनी घडवली त्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलेलं. ती दहा माणसं नेणारी, दणकट, कामाची. सुमो गावोगाव झाली. सिएरा फार थोड्यांनी घेतली, आणि 2000 नंतर काही वर्षांतच ती बंद पडली. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीनं तेच नाव देऊन नवी गाडी आणली, त्यातही त्या वळलेल्या काचेची आठवण ठेवलेली आहे. मधल्या काळात जुन्या सिएरा भंगारात निघत होत्या आणि माझ्या भाच्यासारखी वेडी माणसं त्या उचलत होती.

त्याची सिएरा 1996 ची, एमएच-24 ची, म्हणजे लातूरची. एका जिनिंगवाल्यांच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी. सरकीच्या पोत्यांनी झाकलेली, तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला. बहिणीनं पहिल्या दिवशी विचारलं, ‘अरे, हे गाडी आणलास का गाडीचं मढं?’ तो हसला आणि जॅक लावायला गेला.

पहिलं वर्ष पत्र्यात गेलं. सगळी बॉडी चासीवरून उचलून विटांच्या थरांवर ठेवली. गंजलेला भाग कापायचा, जुन्या पत्र्याचा साचा पुठ्ठ्यावर उतरवायचा, नवा पत्रा ठोकून वळवायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं. हे काम करणारा एक म्हातारा डेंटर आहे, ऐकायला कमी येतं. तो पत्र्यावरून डोळे मिटून हात फिरवतो आणि कुठं खोलगट आहे ते सांगतो. भाचा म्हणतो, या माणसाच्या तळहातात पट्टी आहे.

दुसरं वर्ष सामानाच्या शोधात गेलं. इथं मला एक गोष्ट नव्यानं कळली. सिएराच्या इंजिनाचं सगळं सामान मिळतं, कारण जवळजवळ तेच इंजिन सुमोत होतं आणि सुमो सगळीकडे होती. पिस्टन, रिंगा, पॅकिंग, बेरिंग, लातूरला मागाल ते मिळतं. पण सिएराचं स्वत:चं असं जे काही, काचा, दाराचं रबर, मागच्या दिव्याची टोपी, त्यासाठी हैदराबादचा जुमेरात बाजार, मुंबईचं कुर्ला, पुण्याचा जुना बाजार पालथा घालायचा. थोडक्यात, जे सगळ्यांसारखं असतं ते टिकतं. कवींनी यावर विचार करावा.

त्या वळलेल्या काचेपैकी उजवी काच फुटलेली होती. ती त्याला शेवटी बीदरच्या बाजूला एका कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडली. शेतकऱ्यानं ती छप्पर म्हणून टाकली होती. बदल्यात नवा पत्रा आणि पाचशे रुपये द्यावे लागले. काच मांडीवर घेऊन तो एसटीनं परतला.

आणि तिसरं वर्ष टर्बोचं. मूळ सिएराचं इंजिन साधं होतं, गाडी जड, चढावर रडकुंडीला येणारी. मी विचारलं, एवढी मेहनत घेतोस तर आहे तेच इंजिन ठेव की. तो म्हणाला, ‘मामू, इंजन को सांस कम पडती. बस इतनीच बात है.’

टर्बो म्हणजे काय, हे याहून सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. इंधन जळायला हवा लागते. पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढेल, तेवढंच डिझेल नीट जळणार. जास्त घातलं तर काळा धूर. टर्बोत एक छोटं चक्र असतं. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर ते फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिन जास्त श्वास घेतं. आमच्याकडे चढाला न ओढणाऱ्या गाडीला ‘दम नाही’ म्हणतात ते शब्दश: खरं आहे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. आल्फ्रेड ब्युकी या स्विस अभियंत्यानं 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात विमानं उंचावर गेली की विरळ हवेत त्यांचा दम तुटे. म्हणून 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन पाइक्स पीक या सुमारे 14 हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन तिथं टर्बोची चाचणी घेतली. प्रवासी मोटारीत टर्बो आला 1962 मध्ये, तोही अमेरिकेतच. नंतर जर्मनीत 1973 ची बीएमडब्ल्यू 2002 टर्बो, पाठोपाठ पोर्शे 911 टर्बो. आज जगभर हौशी माणसं आपल्या घराच्या गॅरेजात याच जुन्या गाड्या उघडून मोठे टर्बो बसवतात. आपल्याकडे टर्बो आधी ट्रकवाल्यांना कळला. धाब्यावर थांबल्यावर चालक इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसंच धडधडू देतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन झटक्यात बंद केलं की ऑइल थांबतं आणि तापलेला दांडा कोरडा पडतो.

टाटांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात याच इंजिनाला टर्बो दिला. 1998 ची सफारी त्यावरच आली. तेव्हा भाच्यानं अपघातात गेलेल्या एका सफारीचं टर्बो इंजिन मिळवलं. लातूरला क्रँक घासून आणला, बोअर करून मोठे पिस्टन घातले. टर्बोला ऑइल जायची नळी आणि परत यायची नळी यांचा उतार तीनदा बदलला. पण या सगळ्याआधी त्यानं ब्रेक केले. पुढचे, मागचे, बूस्टर, नळ्या, सगळे नवे. ताकद सत्तरच्या आतबाहेरची नव्वदच्या घरात जाणार, तर आधी थांबायची सोय. काळी-पिवळीचा काळ त्यानं लहानपणी पाहिलेला आहे.

आता गाडी जवळजवळ तयार आहे, आणि खरा प्रश्न आता सुरू होतो. मोटार वाहन कायदा 1988 चा; त्याचं कलम 52 वाहनातल्या बदलांविषयी आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकानं मुळात जे तपशील दिले, त्यांच्याशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी तसंच इंजिन घालायला परवानगीची वाट आहे. पण साध्याच्या जागी टर्बो म्हणजे तसंच नव्हे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर आणि त्यापुढं दर पाच वर्षांनी तेच. दुसरीकडे जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. रोल्स रॉइसवाल्यांची चांगली सोय झाली. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी म्हणजे फक्त म्हातारी. भाच्याची सिएरा पन्नाशीला पोचेल 2046 मध्ये. तो स्वत: तेव्हा साठीला टेकलेला असेल.

जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणून वेगळी पाटी मिळते. तिथं गाडीत बदल केला तर तो तपासनिसापुढं न्यायचा. तो ब्रेक बघतो, धूर बघतो, जोड बघतो, आणि ठीक वाटलं तर बदल गाडीच्या कागदांत रीतसर लिहिला जातो. नियम तिथं आपल्यापेक्षा कडक आहेत, सैल नाहीत. फक्त माणसानं केलेलं काम तपासायला तिथं कुणीतरी बसलेलं आहे. आपल्याकडे काम तपासलंच जात नाही, त्यामुळं चांगला मिस्त्री आणि टपावर माणसं बसवणारा, दोघं एकाच रांगेत.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट आपण वाचली असेल. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते हेच. लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, साठेक हजारांत. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, कधीतरी अडवली जाईल. तिच्या बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी 2022 मध्ये लोहारांना बोलेरो मिळाली. सगळे आनंदले आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण लोहारांनी पुढची, सुधारलेली गाडी करायची म्हटलं तर ती कुठं दाखवायची, हे तेव्हाही कुणी सांगितलं नाही. शंकरराव कुलकर्ण्यांनी तोच प्रश्न पंचवीस वर्षं विचारला होता.

भाच्यानं एक केलं आहे. मूळ सिएराचं साधं इंजिनही त्यानं पूर्ण उघडून, रिंगा-बेरिंग बदलून, चालू करून ठेवलं आहे. ते ऑइल लावलेल्या चादरीत गुंडाळून, बहिणीच्या ज्वारीच्या कणग्यांशेजारी लाकडी फळ्यांवर ठेवलेलं असतं. आरसी बुकात नंबर त्याचाच आहे. पुढच्या तपासणीच्या आधी टर्बो काढून ते परत बसवायला त्याला दोन दिवस लागतील, असा त्याचा हिशेब आहे. तोवर टर्बोची गाडी अंगणातच चालू होते. संध्याकाळी पाच मिनिटं तो ती चालवतो, आणि बंद करण्याआधी मिनिटभर तशीच धडधडू देतो. बहीण आतून ओरडते की कपडे वाळत घातलेत, धूर लागतो.